यमाजीआबांचे काळेपांढरे बूट

मागच्या खोलीत स्टीलच्या डब्याचं झाकण फरशीवर पडलं, आणि पडून गप्प न राहता गोल गोल फिरत राहिलं... टण्ण, टण्, ट्, ट्... मग एकदाचं थांबलं.

तोवर दुकानात कुणीच बोललेलं नव्हतं. काउंटरच्या अलीकडे आशा, पलीकडे तो, आणि मधे कापडी पिशवीतून नुकतीच निघालेली बुटांची जोडी. टोकाला काळं, टाचेला काळं, मधे पांढरं. म्हणजे एके काळी पांढरं असावं, आता ताकाच्या रंगाचं झालेलं. टोकावर बारीक भोकांची नक्षी. आणि डाव्या बुटाच्या जिभेला निळ्या दोऱ्याचे चार टाके.

ते निळे टाके पाहिले आणि आशाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"आई, मी न्हाई पाडलं! ते आपलं आपण पडलं!" आतून सृष्टी ओरडली. पाच वर्षांची पोर, शाळा सुटली की आईपाशी दुकानात यायची आणि मागच्या खोलीत चिरमुऱ्यांच्या डब्याशी खेळत बसायची.

तो हसला. "झाकणाला पाय फुटले म्हणायचे."

हसताना त्याचा एक दात किंचित पुढे आलेला दिसायचा. आशानं तो पाहिला, आणि पाहिला म्हणून लगेच मान खाली घातली.

"तळ सुटलाय बघा. शिवून मिळंल का? आणि जरा रंगरूप आलं तर... दहा-बारा दिवसांवर भाचीचं लग्न हाय, पेठला."

"संपतमामा शिवून देतील. जेवायला गेलेत." संपतमामा म्हणजे दुकानाचे मालक. आळेफाट्यावर त्यांचं बूटचपलांचं दुकान, आणि गेल्या दीड वर्षापासून काउंटर आशाकडे. "नाव सांगा. चिठ्ठी लावून ठेवते."

"गोरक्ष. पिंपरी पेंढार."

पेन कागदावर अडकलं. तिनं विचारू नये ते विचारलंच. "बूट... तुमचे?"

"माझे?" तो पुन्हा हसला. "माझ्या पायात गेले तर पाहिजेत! आबांचे हायेत, वडलांचे. त्यांचा पाय सातचा, माझा दहाचा."

आशानं चिठ्ठीवर नाव लिहिलं, गाव लिहिलं. अक्षर इतकं वाकडं आलं की सृष्टीचं बरं.

*

सात वर्षांपूर्वी आशा एकवीस वर्षांची होती, आणि राजुरीला तिच्या घरी पिंपरी पेंढारचे पाहुणे तिला बघायला आले होते.

बघण्याच्या कार्यक्रमात मुलीनं मान वर करायची नसते. पाहुण्यांच्या चपला तर दारातच सुटलेल्या. मग मुलीनं बघायचं काय? चपला! स्वयंपाकघराची खिडकी बाहेरच्या ओट्यावर उघडायची. आशा आणि तिची चुलतबहीण गजांना नाकं लावून उभ्या राहिल्या. दोन जोड टायरच्या वहाणा, एक जोड सँडल, एक जोड रबरी चपला, आणि शेजारी, एखाद्या नवरदेवाच्या ऐटीत, हे काळेपांढरे बूट, डाव्याच्या जिभेला निळे टाके घातलेले.

"हाच नवरा मुलगा!" चुलतबहीण म्हणाली.

"अगं बाई, हा तर बँडवाला! स्वतःच्या वरातीत स्वतःच वाजवत येतोय का काय? मी न्हाई बाई करणार बँडवाल्याशी लग्न!"

आणि त्या हसल्या. तोंडावर पदर, ओढणी, जे हाती येईल ते दाबून हसल्या. ते हसू मावेना तेव्हा आशानं खिडकीतून फोटो काढला आणि चार हसरी तोंडं जोडून स्टेटसला टाकला. बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधे भिंत नव्हती, फुलाफुलांचा पडदा होता. तेवढं भान एकवीस वर्षांना कुठलं असायला!

पोह्यांच्या बशा देताना तिनं फक्त पाय पाहिले. पडद्यालगतच्या खुर्चीपाशी आली तेव्हा तिथले दोन म्हातारे पाय, टाचांना नांगरल्यासारख्या भेगा पडलेले, हळूच मागे सरकले आणि खुर्चीखाली लपले. तिला तेव्हा त्याचं काहीच वाटलं नाही.

पत्रिका जुळत नाही, असा निरोप गेला. पुढच्या वर्षी चाकणच्या कंपनीतला मुलगा आला, पायात दुधासारखे पांढरे स्पोर्ट्स शूज. आशा हो म्हणाली. सृष्टी दीड वर्षाची असताना ते शूज दुसऱ्याच एका दारात सुटायला लागले, आणि आशा लेकीला कडेवर घेऊन राजुरीला परत आली. एस्टीतून उतरल्यावर कुणी "कवा आलीस?" विचारलं तर "आताच" म्हणायची. "कवा जाणार?" या प्रश्नाला मात्र तोंड लपवायची.

ती लाज तिनं गिळली होती. माणसाला सवय होते. पण आज काउंटरवरचे ते सात नंबरचे बूट पाहिले आणि खुर्चीखाली सरकलेले पाय सात वर्षांनी तिच्यासमोर येऊन उभे राहिले. बूट मुलाचे नव्हतेच. बूट घालणारा पडद्याला पाठ लावून बसला होता, आणि त्यानं अक्षर न् अक्षर ऐकलं होतं.

*

"आठ दिवसांनी या," असं सांगितलेलं. गोरक्ष तिसऱ्याच दिवशी आला.

"झाले का?"

"आज कुठला वार?"

"मला मेंढरांमागं वार कळत न्हाईत." तो स्टूल ओढून बसला. "तुमचा व्हिडिओ परत बघितला. त्या नव्या बुटांचा."

नवरदेव पुन्हा दोनरंगी बूट मागायला लागले होते. लग्नाआधीचं फोटोशूट असतं, धरणाच्या कडेला सूट घालून उभं राहायचं असतं, त्याला हेच बूट हवेत. संपतमामांनी पुण्याहून तीन डझन आणले आणि आशानं दुकानासाठी रील केली. साहेब लोक क्रिकेट खेळायचे, पांढऱ्या बुटाला चिखल लागायचा, म्हणून जिथं चिखल लागतो तिथं काळं कातडं बसवलं, असं सांगतात. मग ते तिकडच्या नाचगाण्यात गेले. मग आपल्या सिनेमातल्या हिरोच्या पायात आले, मग व्हिलनच्या, मग वरातीतल्या बँडवाल्यांच्या. मग लोक हसायला लागले आणि बूट माळ्यावर गेले. आता बघा, परत आले!

"तुमी म्हणालात, मग लोक हसायला लागले," गोरक्ष म्हणाला. "कोण लोक?"

"असेच... लोक."

"आणि अर्धंच सांगितलं तुमी. आबांचं कुठं सांगितलं?"

"सांगा की मग तुम्ही."

त्यानं सांगितलं. आबा वीस वर्षांचे. वर्षातले आठ महिने मेंढरांमागं, माळशेज उतरून खाली, पावसाच्या तोंडाला परत वर. पायात टायरच्या वहाणा. कल्याणच्या अंगाला एका टॉकीजवर भला मोठा बोर्ड लागलेला, त्यातल्या हिरोच्या पायात असले बूट. आबा मेंढरं विसरून तिथंच उभे. दोन वर्षांची लोकर विकली आणि जुन्नरच्या कारागिरापुढं जमिनीवर कोळशानं चित्र काढून दाखवलं, अस्सेच पाहिजेत.

"लग्नात घातले. सगळी वाडी नवरीला सोडून नवऱ्याचे पाय बघायला लोटली. आई व्हती तवर त्याच्यावरनं भांडायची."

आशा खुदकन हसली, आणि आपण या बुटांवरून दुसऱ्यांदा हसलो हे ध्यानात येऊन तिचं हसू तिथंच मोडलं.

"आबा म्हणायचे, वहाणा चालायसाठी, बूट बसायसाठी. ज्या दिवशी चालायचं न्हाय त्या दिवशी बूट. आख्ख्या जन्मात सा-सात वेळा घातले असतील."

असले बूट रंगवणं म्हणजे नाजूक काम. काळं पॉलिश पांढऱ्यावर गेलं की गेलं. आशानं खोक्याचा पुठ्ठा कापला, तो दोन रंगांच्या मधल्या शिवणीवर उभा धरला आणि दुसऱ्या हातानं काळं लावू लागली. पुठ्ठा सारखा घसरत होता.

"द्या इकडं," म्हणत गोरक्षनं पुठ्ठा धरला. त्याची बोटं तिच्या बोटांपासून एका शिवणीच्या अंतरावर. हाताला ओल्या लोकरीचा आणि चुन्याचा वास. बाहेर अवकाळी पावसाची एक सर आली, पत्र्यावर तडतडली, पण दोघांनीही मान वर केली नाही.

"हात हलतोय," ती हळूच म्हणाली.

"तुमचा."

"माझा नाही, तुमचा."

"मेंढरू कातरताना न्हाय हलत माझा हात."

"मग आत्ता?"

"आत्ता समोर मेंढरू कुठाय?"

काळ्याचा एक ठिपका पांढऱ्यावर पडलाच. आशानं तो पदराच्या टोकानं पुसला. पदर खराब झाला, पण तिला वाईट वाटलं नाही.

मग तो रोज यायला लागला. कधी चपलेचा अंगठा तुटायचा, कधी नाडी हवी असायची. सृष्टीसाठी बोरं आणायचा. संपतमामा चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "पावणं, तुमच्या मेंढरांना बी चपला लागत असतील, न्हाई का?" त्यावर गोरक्ष म्हणायचा, "चाळीस जोड काढून ठेवा, मामा."

एका दुपारी तो एकदम म्हणाला, "मी तुमाला पहिल्याच दिवशी वळखलं."

आशाचा हात थांबला.

"राजुरीच्या जालिंदरअण्णांच्या लेक तुमी. तुमची मान खाली व्हती, पण पोरगी बघायला गेलेला माणूस तर वर बघतो ना?"

"मग बोलला का नाही?"

"तुमी बोलाल म्हणून वाट बघितली." तो पुठ्ठ्याची कड चुरगाळत राहिला. "एक इचारू? पत्रिका खरंच जुळत नव्हती?"

आता सांगावं. आत्ताच. तिनं ओठ उघडले, आणि तो पुढे आलेला दात, ते भोळं वाट पाहणं दिसलं, आणि सांगवेना.

"हो... मंगळ होता म्हणे."

"कुणाला?"

"तुम्हाला."

"मला?" तो खो खो हसला. "मला तर न्हाय सापडला कधी! तवापासनं सात-आठ पोरी बघितल्या. शेती आणि मेंढरं म्हणलं की फोनच ठेवत्यात. आता कळलं, ही सगळी मंगळाची करणी!"

तो हसत होता आणि ती मेल्याहून मेल्यासारखी झाली होती.

*

बूट तयार झाले. काळं काजळासारखं, पांढरं ताज्या चुन्यासारखं. गोरक्ष न्यायला आला तो पडलेल्या चेहऱ्यानंच.

"आबा न्हाय म्हणत्यात."

"म्हणजे?"

"त्यांना ठाऊकच नव्हतं, मी गुपचूप आणलेले. भाचीच्या लग्नात घालतील, खूश व्हतील म्हणलं. काल सांगितलं तर ताट सारून उठले. म्हणले, त्या बुटांनी एकदा तुझं वाटोळं केलंय, आता नातीच्या मांडवात न्हेऊ व्हय? मला काय सुधरंना. कसलं वाटोळं? इचारलं तर भिंतीकडं तोंड करून निजले."

आशानं फडकं घेऊन झालेलेच बूट पुन्हा पुसले.

"ते जाऊ द्या. मला दुसरंच इचारायचं व्हतं." तो एकदम लाल झाला. "म्हणजे... तुमी आणि सृष्टी... घर काय लई मोठं न्हाय. पण आबा हायेत, विहीर हाय, चाळीस मेंढरं—"

"मेंढरं मोजून मागणी घालतंय का कुणी?" आशाच्या तोंडून निघून गेलं, आणि त्याच क्षणी डोळे भरून आले.

"मग कशी घालत्यात? शिकवा की."

"आज नको... गोरक्ष, आज नका विचारू."

"सृष्टीमुळं? मी तिला—"

"नाही."

"मग लोकांमुळं?"

"हो. लोकांमुळंच."

तो वळला. मग बूट काउंटरवर तसेच ठेवून निघून गेला.

*

सुट्टीच्या दिवशी आशानं बूट पिशवीत घातले, सृष्टीचं बोट धरलं आणि पिंपरी पेंढारची गाडी पकडली. हो म्हणायचं तर आधी सांगायला हवं. आणि सांगितलं तर तो बहुधा पुन्हा विचारणारच नाही. वाटभर हे दोनच विचार, आणि "आई, माझा हात दुखतोय, सोड ना," म्हणणारी सृष्टी.

कांद्याच्या वाफ्यांपलीकडे दोन खोल्यांचं घर. बाजूला जाळीच्या कुंपणात मेंढरं. दारात बाजेवर यमाजीआबा चातीवर लोकर कातत बसले होते. डोक्याला तांबडा फेटा, पाय अनवाणी.

"आबा, मी आशा. राजुरीच्या जालिंदरअण्णांची."

फिरणारी चाती थांबली. आणि ते दोन पाय हळूच मागे सरकले, बाजेखाली गेले.

आशाला उभं राहवेना. ती अंगणात मातीतच बसली.

"वर बस, पोरी. गोरक्षा गवताला गेलाय."

"मी तुमच्याकडेच आलेय. आबा, त्या दिवशी... पडद्यामागं..." वाटेत जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठं गेली. "मला वाटलं बूट मुलाचे. पण ते कुणाचेही असते तरी... मी हसले. बँडवाला म्हणाले. पत्रिका वगैरे काही नव्हतं. लोक हसले नाहीत आबा, मी हसले."

म्हाताऱ्यानं चातीवरचा धागा गुंडाळून ठेवला.

"मी पडद्याच्या अंगालाच व्हतो," तो म्हणाला. "वाटलं, पोराला दाखवायला आलो आन् मीच नटून आलो. म्हातारपणी कसली ही थेरं! घरी आल्यावर म्या बी गोरक्षाला तेच सांगितलं, पत्रिका न्हाई जुळत. काय सांगू? तुझ्या बापाच्या पायापायी गेली म्हणू?"

"आबा..."

"फोटो बी काढलास म्हणं."

हे त्यांना ठाऊक असेल असं तिला वाटलं नव्हतं. ही एक गोष्ट तिनं पोटातच ठेवायची ठरवली होती. "हो," ती म्हणाली.

"फिरत फिरत आमच्याकडं बी आला तो. मंचरच्या बाजारात एकानं इचारलं, आबा, सुपारी घेता का वाजवायची? मंग म्या बूट माळ्यावर टाकले."

मागे काहीतरी धप्पकन पडलं. गवताचा भारा. गोरक्ष उभा होता. किती वेळ, कोण जाणे.

"सात वर्षं, आबा?" तो म्हणाला. "सात वर्षं तुमी मला बोलला न्हाय?"

गोरक्षनं आशाकडे पाहिलंच नाही. वळला आणि मेंढरांच्या जाळीकडे चालत गेला, पाठ ताठ करून.

संपलं. आशानं पिशवी बाजेच्या कडेला ठेवली, चप्पल पायात सरकवली. "येते मी, आबा. बूट ठेवलेत. सृष्टे, चल."

"थांब, पोरी."

आबांनी पिशवीत हात घातला, एक बूट काढला, उन्हात फिरवून पाहिला. शिवणीवरून अंगठा नेला. "येका रंगाचा दुसऱ्याला डाग न्हाई. कुणी केलं?"

"मी. आणि... गोरक्षनी धरलं होतं."

"हं." त्यांनी बाजेखालून पाय बाहेर काढले, दोन्ही. "आता मला वाकवत न्हाई. नाड्या कोण बांधायच्या?"

आशा गुडघ्यांवर बसली. भेगाळलेली टाच तिनं तळहातावर घेतली, मोठ्या जपणुकीनं बुटात सरकवली. डोळ्यांतलं पाणी त्या नव्या पॉलिशवर पडू नये म्हणून मान बाजूला करून ती नाडी ओवत राहिली.

पावलं वाजली. गोरक्ष आला होता. चेहऱ्यावर पाणी मारलेलं, हातात सृष्टीसाठी दुधाचा पेला. तो पेला सृष्टीला देऊन तो बाजेला टेकला. मग म्हणाला, "म्हणजे मंगळ मला नव्हता."

"नव्हता."

"आता नव्या ओळखीत बी एकदा खोटं बोललात."

"हो."

"परत बोलणार?"

"नाही." तिनं मान वर केली. सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं, सात वर्षांपूर्वी पाहायचं राहून गेलं होतं तसं.

"राग गेला न्हाय माझा," तो म्हणाला. "जायला वेळ लागंल."

"लागू दे."

"परवा पेठला लग्न हाय. आबांना नाड्या बांधायला माणूस लागतंय." तो थांबला. कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. "तिथं इचारीन म्हणतो... परत. मेंढरं न मोजता."

"विचारा," ती म्हणाली, इतकं हळू की ते त्याला ऐकू गेलं की नुसतं दिसलं, कुणास ठाऊक.

आबा उभे राहिले. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. अंगणातल्या मातीत काळंपांढरं, काळंपांढरं. सृष्टी ओठांवरची दुधाची मिशी तशीच ठेवून त्यांच्याभोवती एक फेरी मारून आली. वाकून एक बूट पाहिला, मग दुसरा पाहिला. मग आईच्या गुडघ्याशी येऊन उभी राहिली, कपाळाला आठी घालून.

"आई, किती भारी हायेत हे!" ती म्हणाली. "मग तू हसलीस कशाला?"